तुरुंगातून सुटलेल्या माणसाचं पुढे काय होतं? सोप्या भाषेत

२१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातल्या बाराही आरोपींना निर्दोष ठरवलं. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाचा दाखला दुसऱ्या खटल्यांत देण्यावर स्थगिती आणली, पण सुटलेल्यांना परत आत जावं लागणार नाही हेही स्पष्ट केलं. निकाल बरोबर की चूक यावर टीव्हीवर आणि कट्ट्यांवर भरपूर वाद झाले. एक प्रश्न मात्र कुणी फारसा विचारला नाही. एकोणीस वर्षांनी बाहेर आलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी उठून करतो काय?

२००६ मध्ये आधार कार्ड नव्हतं. देशातलं पहिलं आधार २०१० मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, टेंभलीला दिलं गेलं. यूपीआय त्याहून सहा वर्षांनी आलं. हजाराची नोट तेव्हा चालत होती. एवढ्या काळानंतर बाहेर येणं हे जवळजवळ परमुलुखात उतरण्यासारखंच.

हा खटला टोकाचा होता हे खरं. रोज तुरुंगातून सुटणाऱ्यांत बहुतेक जण मारामारी, चोरी, हुंडा किंवा दारूबंदी अशा प्रकरणांत काही महिने ते तीन-चार वर्षं आत राहिलेले असतात. पण त्यांच्यापुढे येणाऱ्या अडचणी त्याच जातीच्या. त्या कोणत्या आणि का येतात, हे या लेखात एकेक करून पाहू.

कच्चा कैदी, पक्का कैदी

पुढचं सगळं समजायला दोनच संज्ञा पुरेत. खटला चालू आहे, गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही, तरी तुरुंगात आहे, तो न्यायाधीन बंदी. बोली भाषेत कच्चा कैदी. ज्याला न्यायालयाने दोषी ठरवून शिक्षा सुनावली तो सिद्धदोष बंदी, म्हणजे पक्का कैदी.

आपल्या डोळ्यांपुढे ‘कैदी’ म्हटलं की पक्का कैदीच येतो. आकडे उलटं सांगतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार २२० माणसं होती आणि त्यांतले ४ लाख ३४ हजार ३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे दर चारांपैकी तीन. महाराष्ट्रात हे प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा थोडं जास्तच. तुरुंगांत जागेपेक्षा माणसं सुमारे एकतीस टक्क्यांनी अधिक होती, ते वेगळंच.

थोडक्यात, तुरुंगाच्या दारातून बाहेर पडणाऱ्या बहुतेकांवर गुन्हा सिद्ध झालेला नसतो. आणि पुनर्वसनाच्या नावाखाली आपल्याकडे जे थोडंफार आहे, ते बहुतांश दोषी ठरलेल्यांसाठी आखलेलं आहे. माझ्या मते या विषयातली खरी मेख इथेच आहे.

जामीन मिळाला, मग माणूस आतच कसा?

‘जामीन मंजूर’ ही बातमी वाचली की आपल्याला वाटतं, संध्याकाळी घरी. तसं होत नाही. न्यायालय म्हणतं, अमुक रकमेचा जामीनदार आण. जामीनदार म्हणजे हा माणूस तारखेला हजर राहील याची हमी घेणारा दुसरा माणूस. त्याच्याकडे काही मालमत्ता किंवा पक्की नोकरी हवी, अनेकदा तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला हवा, आणि बरीच न्यायालयं जामीनदार स्थानिकच मागतात.

आता समजा, बीडचा एक सेंट्रिंग कामगार कल्याणमध्ये पकडला गेला. त्याला कल्याणात ओळखतं कोण? मुकादम तर पोलीस म्हटल्यावरच गायब झालेला. गावाकडचा भाऊ सातबारा घेऊन आला, तर तो सातबारा बीडचा. नेमका असाच प्रश्न १९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. त्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला, भाऊ उभा राहिला, तर मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी त्यावर चांगलंच फटकारलं होतं. त्याला जवळपास अर्धं शतक झालं, तरी कोर्टाच्या आवारात पैसे घेऊन जामीन राहणाऱ्यांचा धंदा चालतोच. गरज असल्याशिवाय कुठला धंदा चालतो?

सुधारणा अगदीच झाल्या नाहीत असं नाही. ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की जामिनाचा आदेश त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने तुरुंगात पोचला पाहिजे. सात दिवसांत माणूस सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. हे प्राधिकरण म्हणजे गरिबांना फुकट वकील देणारी सरकारी यंत्रणा. त्याच वर्षी केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली. तिच्या मूळ मार्गदर्शक सूचनांत कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४० हजारांपर्यंत आणि पक्क्या कैद्याचा दंड भरण्यासाठी २५ हजारांपर्यंत मदत होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ सांगतं, की याआधी कधीही कुठल्याच गुन्ह्यात दोषी न ठरलेल्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला बंधपत्रावर, म्हणजे तारखेला हजर राहण्याच्या लेखी हमीवर, सोडावं. जन्मठेप किंवा फाशीच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक खटले चालू असलेल्यांना मात्र ही सवलत नाही.

या सगळ्यामुळे सुटण्याचा दिवस कच्च्या कैद्याला कधीच आधी ठाऊक नसतो. शिक्षा झालेला माणूस तारीख मोजत बसतो, घरी पत्र पाठवतो. कच्च्या कैद्याला अचानक हाक येते, सामान घे, सुटलास. मुंबईत आर्थर रोडच्या दारावर सुटकेचे आदेश टाकण्याची पेटी असते, ती ठरलेल्या वेळी उघडते. ऑक्टोबर २०२१ मध्ये शाहरुख खानच्या मुलाची सुटका या पेटीची संध्याकाळची वेळ चुकल्याने एका रात्रीने लांबली, तेव्हा कुठे देशाला ही पेटी माहीत झाली. बाकीच्यांच्या अशा रात्रींची बातमी होत नाही.

पहिला आठवडा: फोन, आधार, बँक

सुटलेला माणूस दाराबाहेर येतो तेव्हा त्याच्या हातात बहुधा एक पिशवी असते. आत जाताना अंगावर होतं ते सामान सही-अंगठा घेऊन परत मिळतं. पण मोबाइल त्यात नसतो. तो पोलिसांनी मुद्देमाल म्हणून जप्त केलेला. मुद्देमाल म्हणजे खटल्यात पुरावा म्हणून ताब्यात घेतलेल्या वस्तू. तो परत हवा तर न्यायालयात अर्ज करून सुपुर्दनाम्यावर, म्हणजे मागाल तेव्हा वस्तू हजर करू अशा लेखी हमीवर, सोडवायचा. दुचाकीचंही तेच. ती पोलीस ठाण्याच्या आवारात पावसात उभी. जप्त वाहनं अशी सडत ठेवू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच बजावलं होतं. कुठल्याही पोलीस ठाण्याच्या मागच्या बाजूला एक चक्कर मारा, त्या आदेशाचं काय झालं ते दिसेल.

फोन गेला म्हणजे फक्त फोन गेला असं नाही. त्यातलं सिम तीन महिने वापरलं नाही, रिचार्ज संपला, की नंबर बंद होतो आणि काही काळाने दुसऱ्याच कुणाला तरी मिळतो. आधारला तोच नंबर जोडलेला, बँकेलाही तोच. बँकेचं खातं दोन वर्षं वापरलं नाही तर निष्क्रिय होतं. ते सुरू करायला केवायसी लागतं. केवायसीला आधार लागतं. आधारचा ओटीपी त्या मेलेल्या नंबरवर जातो. दार ओढलं गेलं आणि किल्ली आतच राहिली, अशी ही गत. फरक इतकाच, की घराच्या बाबतीत शेजारी धावून येतात.

यातून वाट आहे, पण ती माहीत हवी. आधार केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन बोटांचे ठसे दिले, तर जुन्या नंबरवरच्या ओटीपीशिवाय नवा मोबाइल नंबर जोडता येतो. म्हणून सुरुवात बँकेतून करायची नाही, नव्या सिमपासून करायची. मग आधार केंद्र, मग बँक. हा क्रम उलटा केला की माणूस आठवडाभर या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरत राहतो. घरच्यांनी रेशनकार्डावरचं नाव शाबूत आहे का तेही बघावं. हल्ली रेशनसाठी घरातल्या प्रत्येकाने ई-केवायसीचा अंगठा द्यायचा असतो, आणि जो आत आहे त्याचा अंगठा दुकानापर्यंत येणार कसा?

ड्रायव्हिंग हा ज्याचा धंदा होता त्याची आणखी एक गोची. लायसन्सची मुदत संपून वर्ष उलटलं, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर नुसतं नूतनीकरण होत नाही, पुन्हा चाचणी द्यावी लागते. वीस वर्षं ट्रक चालवलेल्याने आरटीओत पुन्हा आठचा आकडा काढून दाखवायचा.

काम मिळालं तरी टिकत का नाही?

शहरात नवख्या, गरीब माणसाला पहिली मिळणारी नोकरी कोणती? वॉचमनची. पण खासगी सुरक्षा एजन्सींच्या २००५ च्या कायद्यानुसार गार्डची पोलिसांकडून पडताळणी व्हावी लागते आणि दोषी ठरलेल्याला गार्ड म्हणून ठेवताच येत नाही. डिलिव्हरी, कॅब, शाळेची बस, कारखान्यातलं कंत्राटी काम, सगळीकडे चारित्र्य पडताळणीचा दाखला मागतात. हा दाखला पोलीस देतात आणि त्यात प्रलंबित खटल्याचा उल्लेख येतो. जामिनावर सुटलेल्याचा खटला तर प्रलंबितच असतो, आणि तो दहा-दहा वर्षं चालतो.

सरकारी नोकराचं वेगळं. तो ४८ तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिला की नियमानुसार निलंबित धरला जातो. पुढे निर्दोष सुटला तरी परत रुजू होणं आपोआप घडत नाही, खात्याची चौकशी वेगळी चालू शकते.

हे झालं काम मिळण्याबद्दल. टिकण्याची अडचण आणखी साधी आहे आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. ती म्हणजे तारीख. जामिनावरच्या माणसाला न्यायालयाच्या प्रत्येक तारखेला हजर राहावं लागतं. अनेकांना आठवड्यातून एकदा-दोनदा पोलीस ठाण्यात हजेरीही लावावी लागते. सकाळी अकराला कोर्टात जायचं, दुपारपर्यंत पुकारा होत नाही, झाला तर साक्षीदार आलेला नसतो किंवा साहेब रजेवर असतात, आणि पुढची तारीख हातात पडते. दिवसाची मजुरी गेली, वर जाण्यायेण्याचं भाडं. महिन्याला असे दोन-तीन खाडे झाले की कुठला मुकादम ठेवून घेईल? बरं, खाडा का झाला ते सांगावं तर जेलची गोष्ट निघते. न सांगावं तर कामचुकार ठरतो. तारखेला गैरहजर राहिलं तर वॉरंट निघतं आणि पुन्हा आत. कित्येक जण नव्या गुन्ह्यासाठी नाही, अशा चुकलेल्या तारखेसाठी परत जातात.

मग अर्जात खरं सांगायचं की लपवायचं? सरकारी नोकरीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग खटल्यात बरीच स्पष्टता आणली. माहिती लपवणं हेच नोकरी जाण्याचं कारण ठरू शकतं. खरं सांगितलं तरी नोकरी मिळेलच असं नाही, पण मालकाला गुन्ह्याचं स्वरूप, वय, निकाल असं सगळं पाहून निर्णय घ्यावा लागतो. माझंही मत तेच. छापील प्रश्न विचारला असेल तर खोटं लिहू नये, आणि विचारलं नसेल तर आपण होऊन पाढा वाचू नये.

परिसरात चोरी झाली की पहिली थाप याच्याच दारावर

एकदा नाव पोलीस ठाण्याच्या नोंदीत गेलं की ते सहजी निघत नाही. आजूबाजूला घरफोडी झाली, गणपती-निवडणुका जवळ आल्या, की बोलावणं येतं. चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र लिहून घेण्याची कारवाई, म्हणजे लोक ज्याला ‘चॅप्टर केस’ म्हणतात ती, होते. आणि सगळ्यात जड म्हणजे तडीपारी. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ५५ ते ५७ खाली माणसाला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर काढता येतं. कलम ५६ खाली तर आधी शिक्षा झालेली असलीच पाहिजे असंही नाही. कारवाई कधी खरोखर गरजेची असते. वस्तीतली दादागिरी सोसणाऱ्यांना विचारा. पण जो नुकता सुटून घरच्यांच्या आधाराने उभा राहू पाहतो, त्याचं घर, काम आणि कोर्टाची तारीख तीन वेगवेगळ्या जिल्ह्यांत विखुरली जातात.

पारधी आणि इतर विमुक्त जमातींची गोष्ट इथे टाळून चालणार नाही. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या या जमाती, सोलापुरात तारेच्या कुंपणात कोंडलेल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का कागदावरून पुसला गेला. त्यांच्यातला माणूस तुरुंगात जाण्याआधीच अर्धा संशयित असतो, जाऊन आल्यावर तर पुरताच. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतला जातिभेद घटनाबाह्य ठरवला, तेव्हा ‘सराईत गुन्हेगार’ या शब्दाआड विमुक्तांना धरण्याच्या पद्धतीवरही बोट ठेवलं.

घर तेच, पण जागा राहिलेली नसते

बराकीत जेवण सूर्य मावळायच्या आत येतं आणि गिनती होऊन कुलूप लागतं. दिवा रात्रभर जळत असतो. काही वर्षं असं काढलेल्या माणसाला घरच्या अंधारात झोप लागत नाही, रात्री नऊला पानावर बसवलं तर घास उतरत नाही. दाराशी जाऊन तो थांबतो, कारण दार उघडायचं काम इतकी वर्षं दुसऱ्याचं होतं. घरच्यांना हे विचित्र वाटतं. कुणी समजावणारं नसेल तर ‘हा बदलला’ एवढाच अर्थ निघतो.

मधल्या काळात बायकोने घर चालवलेलं असतं. वकिलाची फी, तुरुंगातल्या भेटीसाठीचे फेरे, आतल्या कॅन्टीनसाठी दरमहा मनीऑर्डर, यासाठी तिने दागिना मोडलेला किंवा उसनवारी केलेली असते. बहिणीचं ठरत आलेलं लग्न मोडलेलं असतं. मुलांना शाळेत ‘पप्पा गावी गेलेत’ असं सांगितलेलं असतं. तो परत येतो तो कमावता म्हणून नाही, देणेकऱ्यांच्या यादीतलं आणखी एक तोंड म्हणून. आणि पूर्वीसारखा शब्द चालवायला गेला की भांडण.

बाईच्या वाट्याला याच्या दुप्पट येतं. पुरुषाला निदान आई दारात घेते. तुरुंगात जाऊन आलेल्या बाईला सासर नको म्हणतं आणि माहेर ‘लोक काय म्हणतील’ म्हणतं. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईजवळ तुरुंगात राहू शकतं. त्यापुढच्याला नातेवाईक नाही तर बालगृह. सुटल्यावर बालगृहातलं मूल परत मिळवायचं तर बाल कल्याण समितीपुढे आपण त्याला सांभाळू शकतो हे दाखवावं लागतं, म्हणजे राहायला जागा आणि काम दाखवावं लागतं, आणि ती तर नुकतीच कुठे बाहेर आलेली असते. अशा वेळी राहण्यासाठी शासनाची महिला राज्यगृहं आणि ‘शक्ती सदन’ आहेत. किती जणींना सुटताना हे कुणी सांगतं, हा प्रश्नच आहे.

पक्क्या कैद्याला काय मिळतं आणि कच्च्याला काय?

आता सुरुवातीच्या त्या मेखेकडे येऊ.

पक्क्या कैद्याला तुरुंगात काम असतं. येरवडा, नाशिकरोडसारख्या मध्यवर्ती कारागृहांत सुतारकाम, विणकाम, शिवणकामाचे कारखाने आहेत. मजुरी फुटकळ असते, अगदी कुशल कामालाही दिवसाला शंभराच्या आत, पण ती खात्यावर साठते. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या केंद्रातून पदवीपर्यंत शिकता येतं. संचित आणि अभिवचन रजा, म्हणजे फर्लो आणि पॅरोल, यांवर अधूनमधून घरी जाता येतं, त्यामुळे बाहेरचं जग अगदीच अनोळखी होत नाही. वर्तणूक चांगली असेल तर पैठण, मोर्शीसारख्या खुल्या कारागृहात शेती करत शिक्षेचा शेवटचा काळ जातो. आटपाडीजवळ औंध संस्थानाने १९३९ मध्ये वसवलेली स्वतंत्रपूरची वसाहत तर कैद्याने कुटुंबासह राहावं अशीच आहे. मे २०२२ पासून महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेची ‘जिव्हाळा’ योजना आहे. तीत येरवड्यातल्या शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांना जामीनदाराशिवाय ५० हजारांपर्यंत कर्ज सात टक्के व्याजाने द्यायला सुरुवात झाली आणि हप्ता तुरुंगातल्या मजुरीतून फेडायचा असतो. मुलीचं शिक्षण, वकिलाची फी, घराची डागडुजी यासाठी. मला ही योजना मनापासून आवडते, कारण यात कुणी दान देत नाही, कैदी स्वतः घर चालवतो.

कच्च्या कैद्याला यातलं काय? कामाची सक्ती नाही, म्हणून बहुतेकदा कामही नाही आणि मजुरीही नाही. फर्लो-पॅरोल नाही. खुलं कारागृह नाही. कधी सुटेल ते ठाऊक नाही, म्हणून त्याला सहा महिन्यांचा अभ्यासक्रम तरी कोण देणार? कायद्याच्या नजरेत तो निर्दोष, म्हणून त्याला ‘सुधारायचं’ काही नाही, हे तर्काला धरून आहे. पण त्याचा परिणाम असा, की तीन वर्षं रिकामा बसून तो रिकाम्या हातानेच बाहेर पडतो.

मुंबई-ठाण्याच्या तुरुंगांत टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून कच्च्या कैद्यांबरोबरही काम करतो: घरच्यांशी संपर्क, कागदपत्रं, सुटल्यावर शिकाऊ काम. नेमकी अशी माणसं प्रत्येक तुरुंगाच्या दाराशी हवीत. जिल्ह्याजिल्ह्यात महिला व बालविकास विभागाचे परिविक्षा अधिकारी, म्हणजे प्रोबेशन ऑफिसर, आहेत, सुटलेल्या कैद्यांना अर्थसाहाय्य देण्याचं कामही त्यांच्याकडून होतं. पण त्या कार्यालयाचा पत्ता किती जणांना माहीत असतो?

“गुन्हेगारांची एवढी काळजी कशाला? पीडितांचं काय?”

हा प्रश्न रास्त आहे आणि तो उडवून लावू नये. ज्याच्या घरात चोरी झाली, ज्याची मुलगी गेली, त्याला आरोपीच्या सिमकार्डाचं सोयरसुतक का असावं?

पण पीडितांची भरपाई आणि सुटलेल्याचं काम या दोन गोष्टी एकाच पिशवीतून निघत नाहीत. पीडितांसाठी राज्याची भरपाई योजना आहे, बलात्कार आणि ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांसाठी २०१३ पासून ‘मनोधैर्य’ आहे. त्यांतली दिरंगाई संतापजनक आहे, पण ती कुणा कैद्याला कर्ज दिल्यामुळे होत नाही. उलट १९९८ च्या गुजरातच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कैद्यांना रास्त मजुरी द्या आणि तिच्यातला वाटा पीडितांसाठी ठेवा, असंच म्हटलं. कमावणाऱ्याकडून वसूल करता येतं, भुकेल्याकडून काय करणार? शिवाय ज्याला सरळ कोणीच काम देत नाही, त्याला आतल्या ओळखी काम देतात. ते कसलं असतं ते सांगायला नको.

“मग मालकाने जोखीम घ्यायची?”

सगळ्याच कामांत नाही. लहान मुलांजवळचं काम, तिजोरीची किल्ली, यात जुना गुन्हा विचारणं योग्यच. पण मारामारीच्या गुन्ह्यात आठ महिने काढलेल्याला दहा वर्षांनी टाइल्स बसवायच्या कामावरून का हाकलायचं? ब्रिटनमध्ये १९७४ पासून कायदा आहे. ठरावीक काळ नव्या गुन्ह्याशिवाय गेला, की बहुतेक नोकऱ्यांच्या अर्जात जुनी शिक्षा सांगावीच लागत नाही. संवेदनशील कामं त्यातून वगळली आहेत. आपल्याकडे असा सर्वसाधारण कायदा नाही. १९५८ च्या परिविक्षा कायद्यात एक खिडकी आहे. किरकोळ गुन्ह्यात न्यायालयाने तुरुंगात न पाठवता ताकीद देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं, तर कलम १२ नुसार त्या दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. वकिलाने शिक्षेवरच्या युक्तिवादाच्या वेळी हे मागायला हवं. अनेकदा ते मागितलंच जात नाही.

जाता जाता एक गंमत. तुरुंगातल्या कच्च्या कैद्यालाही मतदान करता येत नाही. तोच जर निवडणुकीला उभा राहिला, तर मात्र राहता येतं. सुटल्यावर मतदानाचा हक्क लगेच वापरता येतो, फक्त यादीत नाव आहे का ते बघावं. पारपत्राच्या बाबतीत प्रलंबित खटला आडवा येतो, पण न्यायालयाच्या परवानगीने ते मिळू शकतं.

निर्दोष सुटला, तर गेलेल्या वर्षांचं काय?

बहुतेकदा काही नाही. ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २००३ च्या एका गुन्ह्यात फाशी झालेल्या महाराष्ट्रातल्या सहा जणांना निर्दोष ठरवलं. सगळे भटक्या जमातीतले, मोलमजुरी करणारे. याच न्यायालयाने २००९ मध्ये तिघांची फाशी कायम केली होती आणि उच्च न्यायालयाने जन्मठेपेत बदललेली बाकी तिघांची फाशी परत आणली होती. सोळा वर्षं गेली होती आणि त्यांतला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. न्यायालयाने राज्याला प्रत्येकी पाच लाख रुपये पुनर्वसनासाठी द्यायला लावले. वर्षाला जेमतेम ३१ हजार. आणि हेही मिळालं कारण न्यायालयाला वाटलं म्हणून. कायद्यात तसा हक्क नाही. विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ च्या २७७ व्या अहवालात चुकीच्या खटल्यांना भरपाईचा कायदा सुचवला होता. तो कायदा झालेला नाही.

म्हणून निर्दोष सुटलेल्याने किंवा खटला बंद झालेल्याने निदान एवढं करावं. निकालाची सही-शिक्क्याची नक्कल घ्यावी, एक नाही, चार-पाच. एक पोलीस ठाण्यात अर्जासोबत देऊन नोंद अद्ययावत करायला सांगावं आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी, म्हणजे पुढच्या पडताळणीत फक्त अटकच दिसणार नाही. एक नोकरीच्या फाइलीत. अर्ज लिहिता येत नसेल किंवा मुद्देमाल सोडवायचा असेल, तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातच विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. महिला, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि वर्षाला तीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना तिथे वकील फुकट मिळतो. त्यांचा मदत क्रमांक १५१००.